आवाज करायचा कुठे?

"सुरुवातीला सगळ्यात जास्त कशाने छळलं? पैशाने ना?" कार्यक्रम संपला की हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पैशाची ओढाताण होतीच, पण तिची सवय होते. आमच्या रॉक बँडचा जीव खाल्ला तो सरावाच्या जागेने.

एकट्या गायकाला तंबोरा आणि घरातला कोपरा पुरतो. रॉकचं तसं नाही. ड्रम्सना आवाज बारीक करायची कळ नसते. ड्रमर रंगात आला की गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा खोका) वाढतो, मग बेस गिटारचा, आणि गाणाऱ्याला स्वतःचंच काही ऐकू येईनासं होतं. बरं, व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पमधून हवा तो फाटका, खरखरीत सूर त्याला ताणल्याशिवाय निघत नाही. 100 वॉटऐवजी 50 वॉटचा घेतला तरी फरक जेमतेम 3 डेसिबलचा. शेजाऱ्यांच्या दृष्टीने शून्यच.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, असा सल्ला प्रत्येक जण देतो. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज काही अडत नाही. तो अडवायला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, फट कुठेही नाही. बेस तर त्यालाही सहसा जुमानत नाही.

त्यामुळे आमचं बिऱ्हाड सतत पाठीवर. ड्रम्स खोला, वाहून न्या, पुन्हा लावा. लहान खोल्यांत आणखी एक गंमत व्हायची. बेसवर एक ठरावीक सूर लागला की कोणी हात न लावता स्नेअरखालच्या (ड्रम्समधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमखालच्या) तारा चरचरायला लागायच्या, तेही ऐन हळुवार कडव्यात! शेवटी ड्रमरने कडव्याआधी तारांची खिट्टी पाडायची (म्हणजे तारा सैल) आणि ध्रुवपदाला चढवायची, हे आम्ही गाण्यातच बसवून टाकलं.

हेडफोन लावून लॅपटॉपवर गाणी होतात की, असंही लोक म्हणतात. होतात, आणि चांगली होतात. पण चौघं समोरासमोर वाजवताना लय जी किंचित मागेपुढे सरकते, ती तिथे मिळत नाही. (हे माझं मत. आमच्याच बेसवाल्याला ते पटत नाही.)

राहता राहिला पैसा. स्पॉटिफायवर 2024पासून एखादं गाणं मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच सुटत नाहीत. सुटले तरी वाटेकरी चार. खोलीचं भाडं मात्र तासावर चालू, आणि त्यातला बराच वेळ ड्रम्स लावण्यातच जातो.