दमलेल्या पायांनी पर्वती

आज पहाटे, डिसेंबरच्या बोचऱ्या थंडीत, 12 किलोमीटर धावून झाल्यावर घरी न परतता मी थेट पर्वतीच्या पायथ्याशी गेलो आणि तिथल्या 103 दगडी पायऱ्या 5 वेळा चढलो. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय आधीच थकलेले असताना येतो. त्यामुळे ताज्या पायांपेक्षा दमलेल्या पायांनी केलेली चढाई हीच त्याची खरी तयारी आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. पर्वतीच्या पायऱ्या इतक्या रुंद आहेत की लय सापडेपर्यंत पहिल्या दोन फेऱ्या संपल्या. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशीचे दुखणे बहुतांशी उतरण्यातून येते, कारण तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. म्हणून मी सावकाश चालतच उतरलो. शेवटच्या फेरीनंतर घाम गार होऊन अंगावर काटा आला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी "आधी कानाला काहीतरी बांध रे बाळा," असे मायेने बजावले. पुढच्या रविवारी अंतर 16 किलोमीटर करणार आहे. पायऱ्यांच्या फेऱ्या मात्र पाचच ठेवीन.