डेड बॉय डिटेक्टिव्ह्ज : वाचन आणि शाईची वही, नोंद ४

डेड बॉय डिटेक्टिव्ह्ज म्हणजे एडविन आणि चार्ल्स या दोन मेलेल्या पोरांच्या गुप्तहेर जोडीची कॉमिक्स. ती प्रकाशनाच्या क्रमाने वाचायची आणि प्रत्येक टप्प्यातलं एक पॅनेल, म्हणजे एक चौकट, वहीत शाईने उतरवायचं, हा नेम अजून टिकून आहे. या महिन्यात मात्र पुढे जायच्या ऐवजी मी मागे गेले, थेट सँडमॅन या कॉमिक मालिकेच्या २५व्या अंकाकडे, जिथून ही जोडी सुरू होते. एप्रिल १९९१चा अंक. नील गेमनचं लेखन, मॅट वॅग्नरची पेन्सिल आणि माल्कम जोन्स तिसरा यांची शाई.

मागे जायचं कारण सांगते. पहिल्या महिन्यात या अंकातून काढलेलं चित्र परवा पुन्हा पाहिलं आणि कळलं की मी त्या पोरांना भुतं करून टाकलंय. रेषा तुटक, कमरेखाली रंग विरलेला. अंक शेजारी उघडून ठेवला तर तिथे तसं काहीच नाही. एडविन आणि चार्ल्स दोघंही ठोस, वजनदार. शाळेत सुटीला अडकलेली दोन साधी पोरं. तीच तर भीती आहे त्या कथेतली.

ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नरक रिकामा झालाय आणि मेलेली माणसं परत येतायत. सेंट हिलेरियन्स या इंग्लिश बोर्डिंग शाळेत सुटीत चार्ल्स रोलंड एकटा उरलाय. तिथे त्याला एडविन पेन भेटतो, १९१६ साली त्याच शाळेत जीव गेलेला. ज्यांनी एडविनला मारलं तेही परतलेत, आणि त्यांच्या छळाने चार्ल्सही मरतो. साल १९९०. मृत्यू त्याला न्यायला येते (इथे मृत्यू ही एक तरुण मुलगी आहे), तर हा म्हणतो, एडविनला सोडून येणार नाही. तिच्यामागे त्या दिवशी इतकी कामं असतात की ती त्याला राहू देते.

आपल्याकडचा मुंजा सोडमुंजीआधी गेलेला, पिंपळाला बांधलेला, एकटा. हे दोघं कशालाच बांधलेले नाहीत, फक्त एकमेकांना. दोघांच्या मरणात ७४ वर्षांचं अंतर आहे, आणि तरी पॅनेलमध्ये ते खांद्याला खांदा लावून उभे असतात. म्हणून आता पेन्सिलमध्ये मी आधी तेवढंच आखते : दोघांच्या मधली जागा. चेहरे मागाहून.

नवी प्रत तीनदा काढली. दोनदा निबेने कागद ओरखडला, साधा कार्ट्रिज कागद होता. तिसऱ्यांदा गुळगुळीत ब्रिस्टल कागद घेतला आणि काळी जागा ब्रशने भरली. कपड्यांच्या सावलीत हॅचिंग (बारीक समांतर रेषा) कमी केलं, थेट काळं ठेवलं. पोरं एकदम जमिनीवर उभी राहिली!

वाचनाचं म्हणाल तर ‘चिल्ड्रन्स क्रूसेड’ संपवलं. फ्लॅक्सडाउन गावातली मुलं नाहीशी होतात आणि या दोघांना त्यांची पहिली केस मिळते. १९९३-९४मध्ये ही कथा सात अंकांत आली होती, मधले पाच दुसऱ्याच मालिकांचे वार्षिक अंक. २०१५च्या ‘फ्री कंट्री’ या संग्रहात ते पाच काढून टोबी लिट आणि पीटर ग्रोस यांचं नवं मधलं प्रकरण घातलंय. मी संग्रहच वाचला. सांधा जाणवतो, पण क्रिस बाचालोने चितारलेला पहिला भाग इतका सुंदर आहे की तेवढ्यासाठीही घ्यावा.

२००१ची चार अंकांची एड ब्रुबेकरची मालिका अर्धी झालीय. ब्रायन टॅलबॉट आणि स्टीव्ह लीअलोहा यांनी चितारलेलं लंडन, रस्त्यावरच्या पोरांचे खून. एका दुकानाने दुसऱ्या अंकाच्या दोन प्रती पाठवल्या, तिसरा आलाच नाही. बदलून मिळेपर्यंत थांबलेय, पुढचं उघडून बघायचं नाही हे ठरलेलं.

मग जिल थॉम्पसनचं २००५चं मांगा (जपानी कॉमिक्स) वळणाचं पुस्तक. तिथे शाईपेक्षा डोळे आणि वेगरेषा शिकायच्या आहेत. त्यानंतर २०१४चे लिट आणि मार्क बकिंगहॅम यांचे बारा अंक, क्रिस्टल पॅलेस नावाच्या मुलीसकट. थायी भुतांची २०२२-२३ची मालिका सगळ्यात शेवटी.

वहीत आजवर सात पानं झाली. आठव्यावर मृत्यूने पाठ फिरवली तो क्षण काढतेय, दोघं अजून चौकटीच्या कडेला उभे.