डॉक्टरांना पेशंटचा दिवस सांगताना

मंगळवार, रात्री

आषाढातला वार. बेळगावच्या वडगाव, धामणे, यळ्ळूर भागात वार पाळला की शेतात कुणी पाय ठेवत नाही, नट्टी म्हणजे भाताची लावणी थांबते, आणि माणसं राहिलेली कामं काढतात. बँक, सोसायटी, दवाखाना. त्यामुळं आज आमच्या शुगरच्या ओपीडीत बसायला जागा नव्हती.

माझं काम डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत. हे डॉक्टर केरळचे. त्यांना मराठी येत नाही, कन्नड येत नाही, हिंदी जेमतेम. पेशंटनं दिवस कसा काढला ते मी इंग्रजीत सांगायचं. कधी उठतो, कधी खातो, किती चालतो, गोळी कधी घेतो. रोज तेच, पण प्रत्येकाचं वेगळं.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. नंतर टिळकवाडीत एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जात होते. तिथं दिनचर्या पाठ करून घेतली होती. 'आय गेट अप ॲट सिक्स. आय ब्रश माय टीथ. आय हॅव माय ब्रेकफास्ट. आय गो टू ऑफिस ॲट नाइन.' एकेकानं उभं राहून म्हणायचं. सगळे सहाला उठायचे, सगळे नऊला ऑफिसला जायचे. निम्म्यांना ऑफिस नव्हतंच. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेही पहाटे. त्या दिवशी मी तीनला उठते. हे सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, असलं नको, रोजचं सांगा.

इथं आल्यावर कळलं की 'आय' माझ्या काहीच उपयोगाचा नाही. माझं सगळं बोलणं 'ही' आणि 'शी'चं. म्हणजे प्रत्येक क्रियापदाला शेपूट: गेट्स, ईट्स, गोज, टेक्स. प्रश्न विचारला की ते शेपूट 'डझ'कडं जातं आणि क्रियापद मोकळं होतं. 'डझ ही ईट?', 'ही डझन्ट ईट.' क्लासमध्ये यावर एक तास गेला असेल. माझी नोकरी त्यावरच चाललीय.

एक मात्र सोपं आहे. आमच्या भागात बायकाही 'मी उठतो, मी जातो' म्हणतात, पुण्याचे लोक ऐकून हसतात. इंग्रजी क्रियापद बाई की बाप्या विचारतच नाही.

बैलहोंगलकडचे पेशंट कन्नड बोलतात. 'एष्ट गंटेक एळतीरि?', म्हणजे किती वाजता उठता, असं विचारलं की उत्तर कन्नडात येतं आणि तोंडातून सरळ इंग्रजी निघतं, मध्ये मराठी लागतच नाही. हे कधी जमायला लागलं ते माझं मलाच कळलं नाही.

पण खरी कामाची म्हणजे ती चिल्लर: ऑलवेज, युज्वली, समटाइम्स, हार्डली एव्हर, नेव्हर. आमच्याकडचा माणूस 'हो' म्हणून कधी थांबत नाही. 'खातो की, तसं बघायला गेलं तर, सवड झाली तर.' यातून 'समटाइम्स' काढायचं की 'हार्डली एव्हर', हे त्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागतं. जागाही सांभाळायची. 'ही युज्वली ईट्स लेट', पण 'ही इज युज्वली लेट'. क्रियापदांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा ही पाच-सहा आधी शिकवावीत असं माझं मत.

आज यळ्ळूरचे एक मामा आले होते. मध्येच घाम सुटतो, हात थरथरतात, बांधावर बसावं लागतं, ही तक्रार.

"किती वाजता उठता मामा?"

"म्हस पिळायची वेळ झाली की."

"म्हणजे?"

"साडेचार धर."

मग चहा, शेत, आणि अकराला भाकरी. मी सांगितलं: 'ही गेट्स अप ॲट फोर थर्टी. ही मिल्क्स द बफेलो. ही ड्रिंक्स टी अँड गोज टू द फील्ड. ही डझन्ट ईट अंटिल इलेव्हन.' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. 'व्हेन डझ ही टेक द टॅब्लेट?' चहाबरोबर. सकाळची गोळी म्हणून कुणीतरी दिलेली, मामांनी ती सकाळीच घेतली, त्यात त्यांचं काय चुकलं? पण गोळी ग्लिमेपिराइडची. ती अंगातलं इन्सुलिन वाढवते, वर पोटात अन्न नसलं की साखर खाली घसरते. ती पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. डॉक्टरांनी ती अकराच्या भाकरीबरोबर लावली.

तेवढ्यात मामा म्हणाले, आज वार, आज आठलाच खाल्लं. मग पुन्हा सुरुवात: 'ऑन वर्किंग डेज' असं, 'ऑन अदर डेज' तसं. शनिवारी बेळगावचा बाजार, त्या दिवशी आणखी तिसरंच. शेवटी डॉक्टरांनी घड्याळातली वेळ खोडून 'विथ फर्स्ट मील' लिहिलं. एकादशीचा उपास सांगितल्यावर ते त्या दिवशी गोळीच बंद करायला निघाले होते. मी साबुदाण्याची खिचडी, रताळं, शेंगदाण्याचा लाडू असं सगळं मोजून दाखवलं, तेव्हा त्यांचा विचार बदलला.

दुपारी खासबागचे एक विणकर जोडीनं आले. माग विकून टाकलाय. माणूस आधी पूर्वीचंच सांगतो, म्हणून 'यूझ्ड टू' हाताशी लागतंच. 'ही यूझ्ड टू वीव्ह सारीज.' डॉक्टरांनी विचारलं, आता दिवसभर काय करतात?

"काय न्हाई," ते म्हणाले.

मी तेच सांगणार, तोवर बायको पुढं सरकली. सकाळी दूध आणतात. नातीला शाळेला सोडतात आणि घेऊन येतात. संध्याकाळी देवळापर्यंत जातात. मी एकेक 'ही ब्रिंग्ज', 'ही टेक्स हर टू स्कूल', 'ही वॉक्स टू द टेंपल' करत गेले. डॉक्टर प्रत्येक ठिकाणाला किती मिनिटं विचारत होते, ती बोटांवर मोजून सांगत होती, आणि कागदावर 'वॉकिंग'पुढं चाळीस मिनिटं आली.

म्हातारा वैतागला. "ह्याला काय चालणं म्हणतात व्हय?"