आमची वाटचाल : आधी जोडाक्षर, मग किंमत

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आमचं दुकान नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापुरात चांदीचं काम म्हटलं की लोक तिथेच शोधत फिरतात. आमचा कारखाना शाहूपुरीत, घरामागच्या पडवीत. दोन बाकं, चार माणसं. चांदी सराफाची, आमची फक्त कोरणावळ. तबक, ताम्हन, करंडा, प्रभावळ आणि कुस्तीच्या मैदानाची गदा, त्यावर नाव, वेल, देव, जे म्हणाल ते कलमाने (कोरायच्या टोकदार हत्याराने) कोरून द्यायचं.

आमच्या आधीच्या पिढीचे आबा नक्षी थेट धातूवर काढायचे. पत्र्यावर सफेद्याचा पातळ हात, तो वाळला की टोकदार पेन्सिल, मग सुईची रेघ आणि शेवटी कलम. कागदावर काही उरायचंच नाही. तीन वर्षांनी गिऱ्हाईक येऊन "तशीच वेल पाहिजे" म्हणालं की आबा म्हणायचे, "तशीच कशी येईल? ती त्या दिवशीची होती." ऐकायला झकास, पण सराफाला सहा तबकं एकसारखी लागतात.

म्हणून २००८ साली संगणक घेतला. बसवून देणाऱ्याने सोबत कोरलड्रॉ, म्हणजे नक्षी-अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. बिल नाही, आम्हीही विचारलं नाही. फ्लेक्सवाले, लग्नपत्रिकावाले, सगळ्यांकडे तेच असायचं आणि त्यात श्रीलिपीचे मराठी फाँट. अकरा वर्षं त्याच्यावर काम केलं. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी पडवीत शिरलं. कलमं, ऐरण, लाखेच्या वाट्या आम्ही माळ्यावर नेल्या; संगणक टेबलावर आहे म्हणून निर्धास्त होतो. पाणी टेबलाच्या वर गेलं.

नक्ष्या गेल्या. वाचल्या त्या फक्त तीन-चार बॉर्डरी, त्याही भाच्याने इंजिनिअरिंगला असताना हौसेने इंकस्केप नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काढून मेलवर पाठवल्या होत्या म्हणून.

या खेपेला चोरीचं सॉफ्टवेअर नको असं ठरवलं. साधूपणा वगैरे काही नव्हता. एका कंपनीच्या सन्मानचिन्हांचं काम येत होतं, त्यांना जीएसटीचं बिल हवं होतं आणि डिझाइनची फाइलही. फाइल कशात केली असं कुणी विचारलं तर तोंड लपवायला नको, एवढंच.

अशाच कामाचं अडोबीचं इलस्ट्रेटर, त्याच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून भाड्यानेच मिळतात. आमचा धंदा हंगामी, लग्नसराई आणि गणपती ते दिवाळी. आषाढात बाकावर धूळ बसते, तेव्हाही भाडं चालूच राहणार. कोरलड्रॉ एकदाच पैसे भरून मिळत होतं, पण आकडा ऐकल्यावर आमच्या अण्णांनी (जुने कारागीर, आबांच्या हाताखाली तयार झालेले) त्याचा चांदीत हिशेब केला आणि नुसती मान हलवली.

तेवढ्यात लॉकडाउन लागला. मार्च २०२० मध्ये अॅफिनिटी डिझायनर या तशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी ते नव्वद दिवस फुकट वापरायला दिलं, घ्यायचं तर निम्मी किंमत. मेमध्ये इंकस्केपची १.० आवृत्ती आली, ते तर कायमचंच फुकट. हातात काम नव्हतं, जुना लॅपटॉप होता. बसलो घेऊन.

यूट्यूबवर या दोघांची तुलना बघाल तर निम्मा वेळ रंगांवर जातो. छपाईचे चार रंग इंकस्केपला नीट जमत नाहीत वगैरे. आम्हाला त्याचं काय? चांदीला एकच रंग, बाकी सगळा उजेडाचा खेळ. मी दोन परीक्षा ठरवल्या. पहिली, 'श्री विठ्ठल प्रसन्न, कीर्ती' एवढं टाइप करायचं. दुसरी, आबांच्या एका करंड्यावरची वेल फोटोवरून काढायची.

पहिल्या परीक्षेत निकाल लगेच लागला. इंकस्केपमध्ये जोडाक्षरं जुळली, वेलांटी जागेवर, रफार जागेवर. अॅफिनिटीत तेव्हा देवनागरीची जुळणीच नव्हती; अक्षरं सुटी पडत. अक्षराच्या बाबतीत मी एवढा कडक का, तर आधी पोळलो होतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालतात त्या अक्षरांत) बदलून घेताना एकदा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. मी वाचलं नाही, अण्णांनी समोर होतं तसं कोरलं. कोरलेलं खोडता येत नाही. आजूबाजूची चांदी घासून खाली आणायची, ओपणीने (घोटायच्या गुळगुळीत हत्याराने) दाबून सपाट करायची, पुन्हा पॉलिश. सराफाने तबक परत तोलून घेतलं आणि घट आमच्या मजुरीतून कापली. बरोबरच केलं.

दुसऱ्या परीक्षेत उलटं झालं. अॅफिनिटीत वेल काढताना हाताला फार बरं वाटायचं. इंकस्केपमध्ये सुरुवातीला वळणं कोपऱ्यासारखी मोडायची, मग पेनच्या पट्टीतला 'स्पायरो' नावाचा पर्याय सापडला. चार-पाच ठिकाणी टिचकी मारा, मधली रेघ तो स्वतःच लवचिक वायरसारखी वाकवतो. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "हे बरं आहे. मनगट फिरल्यागत वाटतंय." मी निर्धास्त झालो.

फोटोवरून आपोआप रेघ काढणारं ट्रेस मात्र कोरणाऱ्याने जपून वापरावं. साधा ट्रेस शाईच्या रेघेला डाग समजतो आणि तिच्या दोन्ही कडांनी फिरून येतो. म्हणजे एका रेघेच्या दोन रेघा. लेसरवाल्याला ते चालतं, तो मधलं भरून टाकतो. आमचं कलम एकदाच जातं. खोल दाबलं की रेघ जाड, उचललं की केसासारखी. आम्हाला लागते ती मधली एकेरी रेघ. इंकस्केप १.० मध्ये मधल्या रेघेचा ट्रेस आला, आणि माझं मन तिथेच बसलं.

तरी निम्म्या किमतीचा मोह सुटला नाही, अॅफिनिटीही घेतलं. दोन वर्षं वेली एकात, अक्षरं दुसऱ्यात, असा संसार केला. मग कंटाळलो आणि सगळं इंकस्केपमध्येच आणलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अॅफिनिटीच फुकट झालं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघून परत मान हलवली.

फुकटातही ठेच लागतेच. भाच्याच्या त्या बॉर्डरी २०१५ च्या. इंकस्केपने ०.९२ पासून आपलं आतलं माप बदललं, इंचाला ९० टिंबांऐवजी ९६. जुनी फाइल उघडली की ते विचारतं, माप कसं जुळवू? मी न वाचता काहीतरी दाबलं. दीडशे मिलिमीटरची बॉर्डर १४०.६ वर आली आणि तबकाच्या काठापासून आत तरंगायला लागली. सुदैवाने कागदावरच कळलं. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक रेघ ठेवतो, प्रिंट आली की आधी तिच्यावर पट्टी लावायची. प्रिंटरचं 'पानात बसवा' हे बटणही असंच गुपचूप माप खातं.

धातूवर उतरवायला लेसर प्रिंटर लागतो. नक्षी उलटी करून छापायची, कागद पालथा ठेवायचा, पाठीवरून अॅसिटोनचा बोळा हलकेच दाबायचा. टोनर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, ते सैल होऊन चांदीला चिकटतं. बोळा जास्त ओला झाला की रेघ पसरली. अॅसिटोन काढलं की खिडकी उघडी आणि दिवा बंद, हा आमच्याकडचा कायदा.

खरी कसोटी गदेची. सपाट कागद गोळ्यावर बसत नाही, चुण्या पडतात. आबा डोळ्याने अंदाज घ्यायचे. आम्ही आता गोळ्याच्या संत्र्यासारख्या बारा फाका करतो. सहा इंच व्यासाच्या गोळ्याचा घेर १८.८५ इंच, म्हणजे एक फाक मधोमध १.५७ इंच रुंद आणि टोकापासून टोकापर्यंत ९.४२ इंच लांब. एकाच फाकेत वेल काढायची, तिची डावी कड उजवीला जुळवायची आणि बारा प्रिंटा काढायच्या. नावाची पट्टी तेवढी मधल्या घेरावर वेगळी. पहिल्या गदेला जुळवाजुळव करण्यात चार दिवस गेले, आता दुपारपर्यंत होते. गुजरीत लेसर मशिनं आली, सपाट पत्र्यावरची नावं तिकडे गेली, त्याला इलाज नाही. गदा मात्र अजून इकडेच येते.

मी काढलेली प्रिंट अण्णा तशीच धातूवर लावत नाहीत. आधी पेन्सिल घेतात. परवा एका मैदानाच्या गदेची वेल त्यांच्यापुढे ठेवली, तर तिसरं पान त्यांनी खाली ओढलं, एक कळी खोडली आणि कडेला लिहिलं, 'इथं कलम वळत नाही.' कागद स्कॅन केला, रेघा नव्याने ओढल्या. फाइलचं नाव 'गदा-अण्णा-३'. संध्याकाळी त्यांनी चौथ्यांदा पेन्सिल मागितली.