मुरुमांचं औषध वर्षभर तेच, फेसवॉश मात्र ऋतूप्रमाणे

मे अखेरच्या नवतपात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, जूनच्या मध्यानंतर हवा चिकट होते आणि डिसेंबरच्या रात्री गारठा १० अंशांच्या आसपास येतो. चेहरा एकच, पण या तीन ऋतूंत तो तीन तऱ्हांनी वागतो. ‘माझी स्किन ऑयली’ असं एकदा ठरवून वर्षभर एकच कडक फेसवॉश वापरला की हिवाळ्यात गाल सोलवटतात, औषध झोंबायला लागतं, मग ते सुटतं आणि पिंपल्स परत येतात. म्हणून माझा आग्रह आहे की मुरुमांचं औषध वर्षभर तेच ठेवावं, सोबतचा फेसवॉश आणि मॉइश्चरायझर तेवढा बदलावा.

त्वचा कोणती हे प्रत्येक ऋतूच्या सुरुवातीला घरीच पाहता येतं. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि काहीही न लावता तासभर थांबा. कूलर किंवा एसीच्या थेट झोतात मात्र बसू नका. मग टिश्यू पेपर कपाळावर, नाकावर आणि दोन्ही गालांवर दाबा. सगळीकडे तेलाचे डाग आले तर तेलकट, फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर आले तर मिश्र, कुठेच नाही आणि कातडी ओढल्यासारखी वाटते तर कोरडी. वरून तेल आणि आतून ओढ, असं दोन्ही एकदम जाणवत असेल तर बहुतेक वेळा चेहरा जास्त धुतला जातोय. उन्हाळ्यात दिवसातून पाच-सहा वेळा साबण लावणाऱ्यांचं हेच होतं. फेसवॉश दोनदाच, बाहेरून आल्यावर नुसतं साधं पाणी पुरे.

मुरूम बाहेर दिसतं त्याच्या कित्येक आठवडे आधी त्याची सुरुवात झालेली असते. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून तेल जास्त येतं, मृत पेशी चिकटून नळीचं तोंड बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस हे जिवाणू वाढतात आणि सूज येते. त्यामुळे दिसणाऱ्या पुटकुळीवर ठिपका लावून भागत नाही. जिथे मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लागतो.

रात्रीचं मुख्य औषध ॲडापलीन ०.१ टक्के जेल. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावं. तोंड धुतल्यावर १५-२० मिनिटं थांबा, कारण ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढंच जेल पुरतं: कपाळ, दोन गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरवायचं. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात जाऊ द्यायचं नाही. तिथे आधीच बोटाच्या टोकावर व्हॅसलीन घेऊन लावून ठेवलं की जेल ओघळून गेलं तरी भाजत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, सोसलं तर मग रोज. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मुरुमं थोडी वाढल्यासारखी वाटू शकतात आणि बहुतेक लोक नेमके इथेच औषध सोडतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. गरोदरपणात किंवा तसं नियोजन असेल तर ॲडापलीन नको. त्याऐवजी ॲझेलेइक ॲसिड चालतं का, ते डॉक्टरांना विचारा.

लाल, पू असलेली मुरुमं असतील तर सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. २.५ टक्के घ्या. १० टक्क्यांचं दुप्पट-चौपट चांगलं असेल हा गैरसमज आहे, वाढते ती मुख्यतः जळजळ. हे रसायन कापडाचा रंग उडवतं. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच ठेवा. गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रंगीत असेल तर जेल पूर्ण वाळू द्या, नाहीतर हनुवटीच्या जागी फिकट नारिंगी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटं महिनोन् महिने लावू नका. जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवंच.

स्कार्फ नागपूरच्या उन्हात लागणारच. पण घाम आणि घासणं यामुळे जबड्याच्या कडेला मुरुमं वाढतात. सुती, सैल बांधलेला आणि रोज धुतलेला हवा, म्हणजे घरात दोन-तीन तरी असावेत. हेल्मेटच्या आतल्या गादीचंही तेच. स्कार्फ बांधला म्हणून सनस्क्रीन चुकवू नका: एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, इतकं चेहरा-मानेला लागतं. मुरूम गेल्यावर राहणारे तपकिरी डाग उन्हानं गडद होतात, म्हणून डागांचं पहिलं औषध सनस्क्रीनच.

आता ऋतू. उन्हाळ्यात तेलकट त्वचेला २ टक्क्यांपर्यंतचा सॅलिसिलिक ॲसिड फेसवॉश आठवड्यातून तीन-चार दिवस, बाकी दिवस साधा. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दोन्ही जेलचे. रात्रभर कूलरचा झोत तोंडावर घेऊ नका, ॲडापलीन लावलेली कातडी त्यानं आणखी सुकते. हिवाळ्यात सॅलिसिलिक बंद, फेस न करणारा क्लेन्झर, सिरॅमाइड (कातडीतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेलं जाड क्रीम आणि त्याच्यावर ॲडापलीन. क्रीम आधी लावल्यानं औषधाचा डंख कमी होतो. गरम पाण्यानं तोंड धुणं मात्र टाळायलाच हवं.

पावसाळा जरा फसवा असतो. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक, खाजणारे पुरळ आले तर ते बऱ्याचदा मुरूम नसून मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा संसर्ग असतो. अँटिबायोटिकनं तो वाढतो, बुरशीविरोधी औषधानं बरा होतो. खाज आणि एकसारखं माप या दोन खुणा लक्षात ठेवा. खोबरेल तेल कपाळावर उतरतं तेही याच काळात जास्त त्रास देतं. तेल लावायचंच तर आंघोळीआधी तासभर, आणि केस धुतल्यावर शेवटी कपाळ धुवा.

संत्र्यांचं गाव असल्यामुळे सालीची पूड घरोघरी असते. मुरुमांवर ती घासू नका. बुजलेली नळी कातडीच्या आत आहे, वरून घासून ती उघडत नाही. सुजलेला भाग मात्र फुटतो आणि डाग राहतो. लिंबाचा रस, बेकिंग सोडा आणि टूथपेस्टचंही तसंच. मुलतानी माती ॲडापलीन सुरू असताना नकोच.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबची. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी कोणतंही नाव डब्यावर दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, केस वाढतात आणि ट्यूब थांबवली की मुरुमं उसळून येतात. शेजारच्या काकूंना फायदा झाला म्हणून ती आणू नका, आणि महिनोन् महिने लावत असाल तर स्वतःहून एकदम बंदही करू नका. डॉक्टर ती हळूहळू सोडवतात.

खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडणं, किंवा जबड्यावरच्या मुरुमांसोबत पाळी अनियमित होणं आणि हनुवटीवर केस येणं, यांपैकी काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोग विभागात जा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत ओपीडी आहे. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या दिल्या तर यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या होतात. स्त्रियांनी उपचारादरम्यान आणि नंतर महिनाभर गर्भधारणा कटाक्षानं टाळायची असते, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. जाताना लावत असलेल्या सगळ्या ट्यूब, जिममधली प्रोटीन पावडर आणि बी १२ ची इंजेक्शनं घेत असाल तर त्यांची चिठ्ठी पिशवीत घालून न्या. बी १२ नंसुद्धा मुरुमांसारखे पुरळ येतात आणि हे विचारायचं अनेकदा राहून जातं.