तुम्ही विचारलंत म्हणून: तुती खाऊन चष्मा जातो का?

नाही जात. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या घडणीमुळे लागतो, आणि फळं खाऊन घडण बदलत नाही. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आमच्या स्टॉलवर हंगामात रोज दहादा हे सांगतो, आणि गिऱ्हाईक हिरमुसतं.

पूर्वी मीच "तुती, स्ट्रॉबेरी : डोळ्यांना वरदान" अशी पाटी रंगवली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा (युरोपातलं जांभळट छोटं फळ) जॅम खाऊन अंधारात नेम धरायचे, ही गोष्टही रंगवून सांगायचो. पुढे रात्रीच्या नजरेवर बिलबेरीचे जे प्रयोग झाले, त्यांचा एकत्र आढावा 2004 साली घेतला गेला. निरोगी डोळ्यांना फायदा झाल्याचा भरवशाचा पुरावा त्यात निघाला नाही. हे मला फार उशिरा कळलं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू. रात्री एक थेंब टाकायचा, एवढंच औषध. पण डोळे चुरचुरायचे. मी पाटीवाला मुलगा! रोज सकाळी वाटीभर तुती द्यायला लागलो. हंगाम संपला की फ्रीझरमधली. "आता बरं दिसतंय रे," म्हणायचे. पेपर वाचायचे, त्यामुळे मीही खूश. थेंबाची बाटली कपाटात गेलेली मला माहीत होती. हो, माहीत होती.

आठ महिन्यांनी ते बांधावरून पडले. पायाशी पडलेला पाइप दिसलाच नाही म्हणाले. तपासणीत डॉक्टरांनी कागदावर काळे डाग दाखवले, नजर गेलेल्या जागांचे. काचबिंदू कडेकडेने नजर खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो. म्हणून पेपर वाचता येत होता. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. अण्णांनी विचारलं, "मग तुती?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

चुरचुरीमुळे त्यांनी थेंब तसेही सोडलेच असते, असं मी बायकोला सांगतो. ती काही बोलत नाही.

फळात काही नाही असं नाही हो. स्ट्रॉबेरीत क जीवनसत्त्व भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साधारण 60 मिलिग्रॅम. पण उतारवयात डोळ्याचा पडदा झिजतो त्या आजारात ज्या गोळ्या देतात, त्यांत एकट्या क जीवनसत्त्वाचाच रोजचा डोस 500 मिलिग्रॅम. म्हणजे रोज पाऊण किलोच्या वर स्ट्रॉबेरी! माझा धंदा चांगला होईल. आणि काचबिंदूवर त्या गोळ्यांचाही उपयोग होत नाही.

पाटी पुसली. खप थोडा घटला, खोटं कशाला बोलू.

अण्णा अजून तुती मागतात. देतो. रात्रीचा थेंब मीच टाकतो, आणि सकाळी वाटी बाजूला न ठेवता बरोबर समोर ठेवतो.