नाल ठोकलेले बूट

ठाण्यात पोचून दोन तासही झाले नव्हते. आई माझी बॅग उपसत होती आणि आतल्या खोलीतून एकदम ओरडली, "अगं, हे काय आणलंयस? याला खिळे आहेत!"

मी चहा टाकून धावले. पलंगावर माझे धावायचे बूट उताणे पडले होते आणि तळव्यांवर स्क्रू चमकत होते. एकेका बुटाला १२. अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून निघताना पहाटेच्या अंधारात चुकीची जोडी भरली गेली होती. साधी जोडी तिकडेच दाराशी राहिली. बाबांनी चष्मा लावला, एक बूट खिडकीशी नेला, स्क्रूच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बैलाला नाल ठोकतात तसं केलंयस की."

हो, तसंच, बर्फावर घसरू नये म्हणून. मला इतक्या वर्षांत हे कुणाला तीन वाक्यांतही नीट समजावता आलं नव्हतं.

सकाळी उपवन तलावाला धावायला जायचं होतं, आणि सिमेंटच्या रस्त्यावर हे बूट घालून धावणं म्हणजे सगळ्या वर्तकनगरला जागं करणं. शिवाय बर्फ नसलेल्या सिमेंटवर किंवा लादीवर स्क्रू उलटे घसरतात. म्हणून बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गॅलरीत बसले आणि एकेक काढून कंपासच्या जुन्या डबीत टाकू लागले. मी शेजारी बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. त्यातलंच बरंचसं इथे लिहिते आहे, कारण दुसऱ्या दिवशी तलावाकाठी स्वेटर-कानटोपी घालून आलेल्या आमच्या धावण्याच्या ग्रुपनेही तेच विचारलं: "तिकडच्या थंडीत पाय गारठत नाहीत?"

गारठतात. पण गारठणं ही अडचणच नाही. जानेवारीत तिथे पहाटे उणे १०, उणे १५ सेल्सिअस हे रोजचंच. धावायला लागलं की दहा मिनिटांत पाय गरम होतात. खरी भीती ऊन पडलेल्या छान दिवसाची.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात फेब्रुवारीत असा एक दिवस आला. तापमान शून्याच्या जरा वर, सगळीकडे टपटप पाणी. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटपाथ नुसता ओला दिसत होता, डांबर पावसाने भिजावं तसा. ते पाणी नव्हतं. रात्रीतून गोठलेला, काचेसारखा पातळ बर्फ होता, आणि खालचं डांबर त्यातून काळंभोर दिसत होतं. मी कधी पडले ते कळलंच नाही. आकाश दिसलं तेव्हा कळलं. माकडहाडाला असा मार बसला की पुढचे तीन आठवडे ऑफिसच्या मीटिंगला उशी घेऊन जात होते.

त्यानंतर मी वाचायला लागले. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यासारखे घट्ट बांधलेले नसतात, तो थर काहीसा पाण्यासारखा वागतो. शून्याच्या आसपास हा थर जाड होतो, आणि त्यावर वितळलेलं पाणी असेल तर मग विचारूच नका. उणे २० ला तोच बर्फ कोरडा, खरखरीत वाटतो आणि बूट बऱ्यापैकी धरतो. पायाखालचा भुसभुशीत बर्फ तेव्हा कुरकुर वाजतो, थर्माकोल दाबल्यासारखा. म्हणजे आईला फोनवर "आज उणे २० आहे" सांगितलं की ती घाबरते, आणि "आज एक-दोन डिग्री आहे" म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडतो. माझं बरोब्बर उलटं.

रस्त्यांवर मीठ टाकतात, पण उणे ९-१० च्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय ते सगळं मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर शेवटी तलावात जातं. हे माझ्या मनाला लागतं, कारण मिनियापोलिसही ठाण्यासारखंच तलावांचं शहर म्हणवून घेतं. नावातच पाणी आहे: डकोटा भाषेतला 'म्नी' म्हणजे पाणी, आणि पुढचं 'पोलिस' ग्रीक, म्हणजे नगर. बेडे माका स्का, हॅरिएट, नोकोमिस या तलावांना फेऱ्या मारताना मला ठाण्याचा मासुंदा तलाव आठवतो; फरक इतकाच की तिथे जानेवारीत तलावाच्या मधोमध माणसं खुर्च्या टाकून, बर्फाला भोक पाडून मासे पकडत बसलेली असतात. मासुंदाच्या काठी, तलावपाळीला असं कुणी बसलं तर काय गर्दी होईल!

आता बुटांचं. पहिल्या वर्षी एका दुकानदाराने मला महागडे वॉटरप्रूफ बूट गळ्यात मारले. पाणी आत येत नाही हे खरंच होतं, पण खालून. चिखलासारख्या अर्धवट वितळलेल्या बर्फात पाय घोट्यापर्यंत गेला, पाणी वरून आत शिरलं, आणि मग ते बाहेर जाईना. दोन्ही पायांत एकेक बादली घेऊन तीन किलोमीटर घरी आले. साध्या जाळीच्या बुटातून पाणी जसं येतं तसं जातं. ते वॉटरप्रूफ बूट आता मी बर्फ उपसताना घालते.

त्यामुळे कोरड्या थंडीत साधेच बूट, फक्त अर्धा नंबर मोठे, म्हणजे लोकरीचा मोजा मावतो. सुती मोजा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. ही चूक भारतातून आलेला प्रत्येक जण करतो, मीही केली. वारा असेल तर बोटांवरच्या जाळीला चिकटपट्टी लावते. दिसतं भिकार, पण चालतं. बूट रात्री गाडीत ठेवायचे नाहीत, तळव्यातला फोम थंडीने इतका कडक होतो की पहिला किलोमीटर पाटावर धावल्यासारखं वाटतं. ताज्या, खोल बर्फासाठी डोंगरवाटांवरचे खोल दात्यांचे बूट येऊरच्या डोंगरात वापरतो तसेच.

आणि निसरड्या बर्फासाठी हे. तळव्यात टंगस्टन कार्बाइडच्या, म्हणजे फार कठीण टोकांचे बारीक खिळे बसवलेले तयार बूट मिळतात, सुंदर असतात, किंमतही तशीच. नेहमीच्या बुटांवर ओढून चढवायच्या रबरी पट्ट्याही मिळतात, साखळी किंवा दाते लावलेल्या. माझी एक पट्टी धावताना निसटून झुडपात गेली. तिथल्या जुन्या धावणाऱ्यांचा उपाय मात्र शुद्ध जुगाड. झिजलेले बूट घ्यायचे आणि पत्र्याला लावतात ते षटकोनी डोक्याचे, पाऊण ते एक सेंटिमीटरचे स्क्रू खालून तळव्यात पिळायचे. डोकं बाहेर राहतं आणि त्याची कडा बर्फात रुतते. चवड्याच्या आणि टाचेच्या कडेकडेनेच लावायचे, जिथे तळवा जाड असतो. नाहीतर टोक पायात.

"आणि तरी पडलीस तर?" बाबांनी विचारलं.

तर ठाण्याची पावसाळ्यातली वर्षा मॅरेथॉन आठवायची. ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आपण कसे धावतो? पावलं आखूड, पाय शरीराच्या खालीच, वळणावर वेग कमी, हात सुटे. तिथल्या लोकांना हे वर्ग घेऊन शिकवतात. मी ते पावसाळ्यात फुकट शिकले होते, फक्त पडल्यावर आठवलं.

सुट्टी संपली. परत पोचल्यावर रविवारी दुपारी कंपासची डबी उघडून बसले. स्क्रू मोजले तर २२. पुन्हा मोजले. फोन लावला.

"बाबा, दोन कमी आहेत."

"बाथरूमची कडी कधीची हलत होती," ते म्हणाले. "काय मस्त बसलेत! तिकडे मिळत नाहीत का?"